करायचं काय असतं ह्यात?

रविवारी दुपारी दादाचा फोन आला, जेवणं उरकून जरा आडवं व्हायची वेळ, त्यामुळे मला वाटलं काहीतरी गंभीर असणार. तर म्हणे, "अगं तू तो कॉम्प्युटर गेम घ्यायला लावलास ना, किंगडम कम टू, त्यात करायचं काय असतं?" मी विचारलं कुठवर आलायस, तर ट्रॉस्कोविट्झमध्ये, म्हणजे सुरुवातीच्याच गावात. म्हणजे खानावळीत मारामारी झालेली, खोड्यात अडकवून गावकऱ्यांनी अंगावर सडकं फेकून झालेलं, सोबतच्या हान्स केपन नावाच्या सरदाराशी भांडण होऊन तो तोंड फिरवून निघून गेलेला, आणि आपण अंगावरच्या फाटक्या कपड्यांनिशी गावाच्या मधोमध उभे. खिशात काही नाही, तलवार नाही, घोडाही नाही. "आता गेम म्हणतोय जा. अरे पण कुठं जा? निदान तलवार कुठं मिळेल ते तरी सांग." मी म्हटलं टॅचोव्हला लोहार आहे, त्याच्याकडे जा, काम देईल. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "लोहाराकडे. कामाला. ऑफिसातून आल्यावर मी लोहाराकडे कामाला जाऊ?" हसलो दोघंही, मग घरचं काय काय बोलून फोन ठेवला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना, कारण ह्या गेममध्ये माझ्या कितीतरी रात्री गेल्यात आणि नेमकं काय करत होते असं कोणी विचारलं तर मला एक धड वाक्य सांगता येत नाही.

खरं तर हे भांडण जुनंच आहे. दादा अकरावीला होता तेव्हा आमच्या घरी कॉम्प्युटर आला, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, त्यावर आईनं शिवलेलं कव्हर, आणि कुठल्यातरी मित्राकडून व्हाइस सिटी नावाच्या गेमची सीडी. खेळणार दादा आणि मी मागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बघणार, असा नियम होता, कोणी केला माहीत नाही पण होता. त्याला मिशन करायची असायची, नकाशावरच्या त्या गुलाबी ठिपक्याकडे सुसाट जायचं, काम उरकायचं, पुढचं मिशन. आणि मी मागून भुणभुण करायचे की दादा मिशन नको ना, नुसती गाडी फिरव, समुद्राकडे ने, ते रेडिओचं स्टेशन बदलू नको. संध्याकाळ झाली की त्या गेममध्ये आकाश एकदम गुलाबी-केशरी व्हायचं आणि बीचच्या रस्त्यावरच्या हॉटेलांच्या पाट्या लागायच्या, आणि मला नाशिकच्या त्या हॉलमध्ये बसून असं वाटायचं की आत्ता, ह्या क्षणी, ते शहर चालू आहे. आपण कॉम्प्युटर बंद केला तरी तिथले लोक चालतच असतील. (नसतात. नंतर कळलं की त्या गेममधला माणूस तुमची पाठ वळली की पुसलाच जातो, आणि तुम्ही परत वळलात की दुसराच कोणीतरी तिथं उभा. मला त्याचं खरोखर वाईट वाटलं होतं.) दादा दोनपाच मिनिटं फिरवायचा आणि मग म्हणायचा, झालं समाधान? आणि परत मिशन.

फोननंतर मी जरा इंटरनेटवर लोक काय लिहितात ते वाचत बसले, स्टीमवरचे रिव्ह्यू, रेडिटवरच्या त्या लांबलचक पोस्टी. माझ्या एक लक्षात आलं की ह्या मोठ्या ओपन वर्ल्ड आरपीजींबद्दल, म्हणजे एखादं पात्र होऊन अख्ख्या जगात मोकळं फिरायच्या गेमबद्दल, माणसं मनापासून लिहायला लागली की मेन स्टोरीबद्दल जवळजवळ कोणी बोलतच नाही. एल्डन रिंगचंच घ्या. २०२२ ला आला तो, त्यातल्या राजाराणीचं आणि फुटलेल्या वलयाचं नक्की काय प्रकरण आहे हे अर्ध्या लोकांना शेवटपर्यंत कळलेलं नसतं आणि त्यांना त्याचं काही नसतंही. ते सांगतात त्या पेटीबद्दल. लिमग्रेव्ह ह्या पहिल्या प्रदेशात सुरुवातीलाच तळ्याकाठी एक जळकं भग्न गाव आहे, तिथं जमिनीखाली एक पेटी, उघडली की धूर येतो आणि तुम्ही कुठल्यातरी भलत्याच खाणीत, जिथले किडे तुम्हाला एका फटक्यात मारतात, आणि कसंबसं पळत बाहेर आलात तर आकाश रक्तासारखं लाल. केलिड नावाचा प्रदेश. अजून तिथं यायची तुमची लायकी नाही हे प्रत्येक दगड सांगतोय. ज्याला भेटाल त्याच्याकडे ह्या पेटीची एक गोष्ट असते, आणि सांगताना शिव्या आणि कौतुक एकाच दमात. किंवा ती लिफ्ट. जंगलात एक साधी विहिरीसारखी इमारत दिसते, आत लिफ्ट, ती खाली जायला लागते आणि जातच राहते, जातच राहते, तुम्हाला वाटतं गेम अडकला की काय, आणि मग खाली उघडतं तर जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेलं आभाळ आणि नदी. मी तिथं नुसती उभी राहिले होते. पाठीमागून एका भुतानं बाण मारला तेव्हा भानावर आले.

शिवाय तिथं दुसऱ्या खेळाडूंनी जमिनीवर लिहून ठेवलेले निरोप असतात, ठरावीक शब्द जोडूनच लिहावे लागतात, त्यामुळे सगळे निरोप तोतऱ्यासारखे. पुढं कडा असला की 'उडी मारून बघ' असं लिहिणारे महाभाग आहेत. कासव दिसलं की हमखास खाली 'कुत्रा' लिहिलेलं. कोणी लिहिलं, कुठल्या देशातून, काही कळत नाही. एकट्यानं हरवलेल्या माणसाला हसू यावं एवढीच त्याची इच्छा असावी.

मग जे गेम मोठे असूनही लोकांना कोरडे वाटले त्यांच्याबद्दल वाचलं. विचर थ्री हा माझा लाडका, २०१५ चा आहे म्हणून जुना म्हणायचं, पण त्यातल्या व्हेलेन प्रदेशात पाऊस यायच्या आधी झाडं जशी वाकतात तशी मी अजून दुसऱ्या गेममध्ये बघितली नाहीत. तरी त्यातल्याच स्केलिगे बेटांच्या समुद्रावरची ती प्रश्नचिन्हं! नकाशा उघडला की निळ्या पाण्यावर नुसती प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं, प्रत्येकाकडे होडी घेऊन जायचं, वरून त्या पंखवाल्या बायका किंचाळत येणार, बुडी मारायची, तस्करांनी टाकलेली पिंपं, त्यात दोन फुटक्या तलवारी. सगळी करणारे लोक आहेत. विचारलं तर सांगतात, मजा आली नाही पण नकाशावर दिसत होतं म्हणून केलं. २०२२ च्या सुरुवातीला डाइंग लाइट टू वाल्यांनी अभिमानानं जाहीर केलं की आमचा गेम शंभर टक्के पूर्ण करायला निदान ५०० तास लागतील, आणि त्यांना वाटलं असणार लोक खूश होतील, पण लोक वैतागले, एवढा वेळ आणायचा कुठून, आणि कंपनीला खुलासा करावा लागला की अहो तसं नाही, मुख्य गोष्ट त्यापेक्षा बरीच लवकर संपते. पुढच्या वर्षी स्टारफील्ड आला, हजाराहून जास्त ग्रह. मला तो फार आवडायला हवा होता, मी तर फिरणारी. पण ग्रहावर उतरायचं म्हणजे मेनूत टिचकी, मग लोडिंगचा पडदा, मग उतरलेलो, मग दगड, मग तोच कारखाना जो मागच्या ग्रहावर बघितला होता, टेबलावरचा कप सुद्धा त्याच जागी. एवढ्या अंतराळात मधला रस्ताच नव्हता. आणि माझं सगळं लक्ष मधल्या रस्त्यातच असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

ड्रॅगन्स डॉग्मा टू मध्ये उलट हट्ट आहे. २०२४ चा गेम, आणि एका जागेवरून दुसरीकडे झटकन पोचायची सोय जवळजवळ नाहीच, त्यासाठीचे दगड महाग आणि मोजके. त्याचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो ह्यांचं म्हणणं साधारण असं की प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर तुमचा गेमच कंटाळवाणा आहे. मग काय, बैलगाडी. पैसे देऊन बसायचं, डुलकी घ्यायची, आणि नशीब असेल तर सकाळी गावात. नसेल तर मध्यरात्री गाडी थांबते, आरडाओरडा, वरून ग्रिफिन नावाचा पंखवाला राक्षस उतरतो आणि पहिली झडप गाडीवरच, फळकुटं उडतात. ज्यांची गाडी अशी मोडली ते पुढचं अंतर अंधारात, कंदिलाच्या उजेडात, लांडग्यांचे आवाज ऐकत चालत गेले. ह्यावर दोन तट आहेत, एकाला वाटतं हाच खरा प्रवास, दुसऱ्याला वाटतं मी दिवसभर खऱ्या ट्रॅफिकमध्ये बसून आलोय, मला हे नको. मला दोन्ही पटतात. कुठल्या वारी विचारता त्यावर आहे.

तर किंगडम कम. पहिला भाग २०१८ ला आला, प्रागच्या वॉरहॉर्स नावाच्या स्टुडिओचा, लोकवर्गणी करून सुरू झालेलं काम. १४०३ सालचं बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशातला भाग, आणि त्यात तुम्ही हेन्री, लोहाराचा पोरगा, आईबाप डोळ्यांदेखत मारले गेलेले. राक्षस नाहीत, जादू नाही. त्या पहिल्या भागात हेन्रीला वाचताच येत नाही! पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीपालटी, ओळखीची वाटतात पण शब्द होत नाही. मग दुसऱ्या गावी एका लेखनिकाकडे जाऊन शिकायचं, आणि हळूहळू, अगदी हळूहळू, पानावरची गिचमीड सुटायला लागते. माझी आजी साक्षरतेच्या वर्गाला जायची, कंदील घेऊन, पाटीवर स्वतःचं नाव लिहायला शिकली तेव्हा तिनं ते भिंतीवर, पिठाच्या डब्यावर, सगळीकडे कोळशानं लिहून ठेवलं होतं असं आई सांगते. मी तो गेम खेळताना पहिलं पूर्ण वाक्य वाचता आलं तेव्हा रात्री दीड वाजता एकटीच हसत बसले होते.

दुसरा भाग २०२५ च्या फेब्रुवारीत आला आणि पहिल्याच दिवसात दहा लाख प्रती गेल्या. एवढ्या लोकांना लोहाराकडे कामाला जायचं होतं ह्याचं मला आश्चर्य वाटतं, दादाचं नाही. कारण काम खरंच करावं लागतं. लोखंड भट्टीत धरायचं, रंग बघायचा, फार तापलं तर बिघडलं, ऐरणीवर घेऊन सगळीकडे सारखं ठोकायचं, उलटं करायचं, परत भट्टी. ठेका बरोबर लागला की हेन्री आपोआप शीळ घालायला लागतो, आणि त्या शिळेसाठी मी गरज नसताना नालांवर नाल बनवलेत. औषधं करायची तर पुस्तक उघडं ठेवून, पाला खलात कुटायचा, कढई आगीवर उतरवायची, भाता मारायचा, वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू पडेपर्यंत हात बांधून उभं राहायचं. दुसऱ्या गेममध्ये हे एक बटन असतं.

पण खरी गंमत लोकांची. अंगाला चिखल, कपड्यावर रक्त असं गावात गेलात की माणसं नाकं मुरडतात, दुकानदार भाव धरून बसतो, सरदार तर दारात उभं करत नाही. न्हाणीघरात जाऊन अंघोळ करा, कपडे धुऊन घ्या, जरा बरा अंगरखा घाला, तीच माणसं अदबीनं बोलतात. रात्री कोणाच्या घरात शिरलात, कोणी पाहिलं नाही, चोरी जमली, तरी सकाळी गावात चर्चा होते आणि तुम्ही त्या घराच्या आसपास घुटमळताना दिसला होतात एवढ्यावरून संशय तुमच्यावर येतो. व्हाइस सिटीतला पाठ वळली की पुसला जाणारा माणूस कुठं आणि हा कुठं. इथला बेकरीवाला सकाळी उठतो, कामाला जातो, संध्याकाळी खानावळीत बसतो, झोपतो, आणि तुम्ही नसलात तरी हे चालू आहे असा गेमचा आविर्भाव आहे. आतून तोही खोटाच असणार, कॉम्प्युटरला एवढं थोडंच परवडतं, पण खोटं बोलायला त्यांनी कष्ट घेतलेत.

मला त्या जगात मोठं व्हायचं नसतं.

म्हणजे कसं, की बहुतेक गेममध्ये तुम्ही निवडलेले असता. भविष्यवाणीत तुमचं नाव, आणि तरी जग तुमच्यासाठी खोळंबून बसलेलं. विचर थ्रीमध्ये मानसकन्या सिरीच्या मागे काळ लागलाय आणि नायक गेराल्ट खानावळीत पत्ते कुटतोय, सिरी वाट बघेल, सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या किंगडम कममध्ये मेरहोयेड नावाच्या गावात साथ येते, औषध शोधून द्यायचं असतं, आणि तुम्ही वाटेत हरणं मारत बसलात तर गावातली माणसं तोवर मरतात. नकाशावर तारीख, वेळ काही नाही. बऱ्याच जणांनी लिहिलंय की आम्ही आरामात गेलो आणि तिथं पोचून सुन्न झालो, आणि त्यातल्या एकानंही हा गेमचा दोष म्हटलेला मी तरी पाहिला नाही. जग माझ्यासाठी थांबत नाही पण माझी नोंद ठेवतं, असं काहीतरी मला हवं असतं. दादाच्या प्रश्नाला हेच उत्तर द्यायचं होतं बहुतेक, पण फोनवर असं बोललं की माणूस विचारतो, बरी आहेस ना.

दुसऱ्या भागाची सुरुवात जिथं होते तो ट्रॉस्कीचा किल्ला खराच आहे, चेक देशात, दोन उभ्या सुळक्यांवर दोन बुरूज, एक उंच किडकिडीत आणि एक बुटका. सुळके ज्वालामुखीचे, बसाल्टचे. आपलाच काळा दगड. पहिल्यांदा झाडांच्या वरून तो दिसला तेव्हा मी घोडा थांबवला, कारण मला नाशिककडचा धोडप किल्ला आठवला, हट्टी गावातून वर जाताना ती मधे खाच पडलेली कातळाची भिंत अशीच एकदम समोर येते. कॉलेजात आम्ही गेलो होतो, मोबाइलला रेंज नाही, आणि वाट विचारली तर एका आजोबांनी गुरं हाकता हाकता सांगितलं की असंच सरळ जा, उंबर लागंल, तिथून माणसं जातात तिकडं नका जाऊ, गुरं जातात तिकडं जा. ह्या गेममध्ये आता हार्डकोअर मोड आलाय, त्यात नकाशा मिळतो पण नकाशावर तुम्ही कुठं आहात ते दिसत नाही, दिशा दाखवणारं वर काही नाही, झटकन पोचणं बंद. वर आणखी निदान तीन खोडी स्वतःला लावून घ्यायच्या, कोणाला घाम फार येतो आणि वास लांबवर जातो, कोणी झोपेत चालतो आणि सकाळी भलतीकडेच उठतो. मग ओढा कुठल्या हाताला आहे, सूर्य कुठं चाललाय, मघाशी तो वधस्तंभ डावीकडे होता ना, असं स्वतःशी बोलत जावं लागतं. चुकते मी. जाम चुकते, आणि चुकून जिथं पोचते तिथला कोळसा पाडणारा माणूस मला त्या गेममधल्या राजापेक्षा जास्त लक्षात आहे.

सगळंच गोड नाही. एक म्हणजे बायका. मी बाई आहे आणि मी त्या जगात फक्त हेन्री होऊन जाऊ शकते, कुठंही जाऊ शकते ते हेन्री आहे म्हणूनच. न्हाणीघरात अंघोळीचे पैसे देताना इतर सेवांचीही यादी येते आणि त्या पोरी हसून बोलतात तेव्हा मला दरवेळी जरा अवघडायला होतं, इतिहास म्हणून बरोबर असेल, तरी. पहिल्या भागाला नंतर एक जोड आली होती, २०१९ ला, त्यात थोडा वेळ हेन्रीच्या गावातली तेरेझा होऊन खेळता येतं, गावावर हल्ला होतो त्या दिवशी ती काय करत होती ते. सकाळी साधी कामं, दूध, पाणी, भावांचं जेवण, आणि मग तो दिवस. तलवार नीट धरताही येत नाही, लपत लपत लोकांना सोडवायचं. लोकांनी संथ आहे म्हणून नाकं मुरडली. मला अख्ख्या मालिकेत तेवढा भाग सगळ्यात खरा वाटला, आणि तो इतका छोटा का, ह्याचा राग अजून आहे.

दुसरं म्हणजे वेळ, आणि इथं दादाची बाजू बळकट आहे. ह्या गेममध्ये खेळ चालू ठेवून हवं तेव्हा सेव्ह करायचं तर एक दारू प्यावी लागते, बेलाडोना नावाची विषारी वनस्पती आणि खाजकुयलीसारखी आणखी एक वाइनमध्ये उकळून करायची, नाहीतर आपल्या हक्काच्या पलंगावर जाऊन झोपायचं. त्यामागचा विचार मला आवडतो, प्रत्येक पाऊल जपून टाकलं जातं. पण हा विचार ज्यानं केला त्याच्याकडे जूनमध्ये लाइट जात नसावी. आमच्याकडे पहिला वळीव आला की लाइट जाते, माझ्याकडे यूपीएस नाही, आणि अर्ध्या रात्रीची भटकंती, गोळा केलेला पाला, ओळख झालेला तो कोळसेवाला, सगळं फस्स. अंधारात पंखा थांबायचा आवाज येतो ना, त्या वेळी मला मध्ययुगीन वास्तववाद वगैरे काही ऐकायचं नसतं. बाहेर ओल्या मातीचा वास मात्र मस्त येत असतो.

दादा पुढं गेला का माहीत नाही, मी विचारलं नाही, त्यानं बहुधा तलवार मिळवली असेल आणि ठिपक्यामागून ठिपका करत कुटेनबर्ग ह्या मोठ्या शहराला पोचलाही असेल. मी मागेच आहे. तिथं आल्यावर सुद्धा मुख्य कथेकडे न बघता बार्बराच्या चर्चच्या बांधकामापाशी घुटमळत होते, १३८८ ला सुरू केलेलं काम, गेममध्ये बांधकामाच्या परांचीवर परांची चढलेल्या, सुतार, दगडफोडे, उंच लाकडी चाकं, आणि आपल्याला माहीत असतं की हे १९०५ पर्यंत पूर्ण होणार नाहीये, तिथल्या एकाही माणसाला माहीत नसतं. आता लोहारकीवरचीच एक वेगळी जोड घेतलीय, त्यात जळालेली लोहारशाळा परत उभी करायची आणि लोकांच्या ऑर्डरी घ्यायच्या. रिव्ह्यूमध्ये एकानं लिहिलं होतं की ही गंमत नाही, ही नोकरी आहे. बरोबर आहे त्याचं. काल एक कुऱ्हाड जमली, कडा थोडी वाकडी. दोन ऑर्डरी राहिल्यात, त्या झाल्याशिवाय मी काही लढाईला जात नाही, शत्रू राजा सिगिस्मुंडाची फौज थांबेल तेवढी.